चढ आला की उतरावे

नागपूरच्या महालात जन्मलेल्या माणसाला चढ म्हणजे काय हे फार उशिरा कळते. भोसल्यांचा वाडा, चिटणीस पार्क, बडकस चौक, केळीबाग रस्ता, गांधी गेट, शुक्रवारी तलाव – सारे कसे पोळपाटावर लाटल्यासारखे सपाट. गल्ल्या अरुंद, वळणे आडवीतिडवी, वाटेत गायी, हातगाड्या आणि ओळखीची माणसे. पण चढ म्हणून नाही. उंच असे काय ते जुन्या वाड्यांचे जोते! आमच्याकडे सायकल शिकणे म्हणजे तोल सांभाळणे, घंटी वाजवणे आणि खाली न उतरता वडीलधाऱ्यांना नमस्कार करणे. चढाचा धडा आमच्या अभ्यासक्रमात नव्हताच.

तो धडा सुरू होतो लोहापुलापाशी. कॉटन मार्केट मागे टाकून रेल्वेखालच्या त्या पुलात शिरले की रस्ता खाली घसरतो आणि पलीकडे सीताबर्डीच्या अंगाला वर निघतो. मग डाव्या-उजव्या हाताला शहर बदलू लागते. १८१७ साली जिच्यावर इंग्रजांशी लढाई होऊन भोसल्यांचे राज्य खिळखिळे झाले ती सीताबर्डीची टेकडी, पुढे महाराजबाग, पुढे सिव्हिल लाइन्सची झाडे, आणि शेवटी सेमिनरी हिल्स. सिंहगड पाहिलेला पुणेकर हिला टेकडी म्हणायलाही तयार होणार नाही. पण त्याने एकदा बावीस इंची फ्रेमची, बिनगिअरची काळी सायकल घेऊन, मागे डबा बांधून, तिथे यावे. मग बोलावे.

आमचे नाना त्या टेकडीवरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. १९५८ साली त्यांनी एक हर्क्युलस सायकल घेतली आणि १९९४ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे तब्बल ३६ वर्षे, ते महालातून सेमिनरी हिल्सला तिच्यावरूनच गेले आणि आले. जाताना सहा-सात किलोमीटर, येताना तेवढेच. नानांच्या या प्रवासातली एक गोष्ट मात्र मला लहानपणी अगदी झोंबत असे. टेकडीचा चढ लागला की ते सायकलीवरून उतरत. तिथे एक कडुनिंब होता. त्या कडुनिंबाच्या अलीकडे नाही की पलीकडे नाही, नेमके त्याच्या सावलीत नाना उतरत, धोतराचा सोगा सारखा करत, हँडल धरून चालू लागत, आणि रस्ता जरा सपाट झाला की पुन्हा बसत.

१९७३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. मी दहा वर्षांचा. एखाद्या शनिवारी नाना मला पुढच्या दांडीवर बसवून कचेरीत नेत. त्या दिवशी कडुनिंबाखाली आम्ही उतरलो आणि माझ्या वर्गातला एक मुलगा वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून फुर्रकन वर गेला. जाता जाता वळून हसला. मला धरणी दुभंगावी असे झाले.

"नाना, तुम्हाला चढ चढवत नाही का?" मी विचारले.

नाना चालतच राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "सायकल आपल्याला नेते तोवर बसावे. आपण तिला ओढायची वेळ आली की उतरावे. तिचेही हाल नकोत, आपलेही नकोत."

हे उत्तर मला मुळीच पटले नाही. माणसाला जमले नाही की तो तत्त्वज्ञान सांगतो, असे माझे त्या वयातच मत झाले होते. मोठेपणी आपण हा चढ न उतरता चढून दाखवायचा, अशी मी मनाशी गाठ बांधली. पुढे शिक्षण झाले, नोकरी लागली, स्कूटर आली, आणि गाठ तशीच राहिली.

२०२३ च्या जानेवारीत नाना गेले. वय ८७. शेवटपर्यंत पाटावर मांडी घालून जेवले, आणि उठताना कधी भिंतीला हात लावला नाही. त्याच वर्षी मी बँकेतून निवृत्त झालो. निवृत्त माणूस घरातल्या अडगळीच्या मागे लागतो, तसा मीही लागलो आणि जिन्याखाली नानांची सायकल सापडली. टायर कुजले होते, रिमांवर गंज होता. पण सांगाडा खणखणीत. मी ती आमच्या गल्लीच्या टोकाच्या सायकलवाल्याकडे नेली. त्याने टायर-ट्यूब बदलले, गोळ्या बदलल्या, ब्रेकचे रबर घातले. सीटला हात घालून म्हणाला, "काका, हे सीट तुम्हाले खाली होते. वर घेतो."

"राहू दे," मी म्हटले. "नानांनी लावलेले आहे."

वाचकहो, पुढच्या साऱ्या रामायणाचे मूळ या तीन शब्दांत आहे. नाना माझ्यापेक्षा चांगले चार बोटे बुटके होते.

नोव्हेंबरची थंडी पडली तसा मी पहाटे निघू लागलो. पहिल्या दोन-तीन खेपा कडुनिंबाशी आलो, दम लागला, उतरलो. आजूबाजूला कोणी हसणारे नव्हते. पण १९७३ सालचा तो मुलगा मनात स्कूटरवर बसूनच होता. तिसऱ्या आठवड्यात मी निश्चय केला, दात-ओठ खाल्ले, सीटवरून उठलो, हँडल स्वतःकडे ओढून धरले आणि एकेका पायडलवर सारे अंग टाकत वर गेलो. न उतरता! पन्नास वर्षांची बाकी फिटली. घरी येऊन हिला सांगितले. ही म्हणाली, "छान. आता भाजी आणून टाका."

दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या की जिना उतरताना देव आठवले. ही दुखापत नव्हे, हे मला पुढे कळले. सवय नसलेले कष्ट झाले की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जाते आणि चार-पाच दिवसांत आपोआप ओसरते. पूर्वी याचे खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडत. पण ते तर तासा-दोन तासांत रक्तातून निघूनही जाते. हे दुखणे बोथट असते, दोन्ही पायांत सारखे असते, आणि तोच कष्ट पुन्हा थोड्या मापात केला की पुढच्या वेळी कमी होते. त्याला घाबरू नये.

माझे चुकले ते पुढे. मांड्या सुटल्या, पण उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे काहीतरी टोचत राहिले. एकाच पायात, एकाच ठिकाणी, आणि प्रत्येक चढाला थोडे जास्त. मी म्हटले, होईल बरे, मांड्या नाही का झाल्या! चार खेपा तसाच चढलो. पाचव्या खेपेला अर्ध्या चढात गुडघ्यातून कळ आली आणि मी उतरलो नाही, कोसळलो. त्या दिवशी घरी ऑटोने आलो. सायकल मागे आडवी आणि मी पुढे वाकडा.

आणि जानेवारीत नानांचे वर्षश्राद्ध आले. गुरुजी आले, पाट मांडला, आणि मला त्या पाटावर बसता येईना. गुडघा वाकत नव्हता. गुरुजी समंजस होते, "स्टूल चालेल हो, आजकाल सगळीकडे चालते," असे म्हणाले. मी स्टुलावर बसून वडिलांचे श्राद्ध केले. समोरच्या फोटोत नाना होते. ८७ व्या वर्षीही मांडी घालून बसणाऱ्या बापाचे श्राद्ध ६० व्या वर्षी स्टुलावर बसून करणारा मुलगा! त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, कडुनिंबाखाली नाना जे बोलले ते कदाचित तत्त्वज्ञान नसेल. तो हिशेब असेल.

हिशेब खरोखरच होता. तो मला समजावला तो दोघांनी: एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आणि आमच्या सायकलवाल्याने. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी गुडघा पाहण्याआधी विचारले, "काका, सायकलची सीट किती उंच आहे?" मी कंबरेखाली कुठेतरी हात दाखवला. त्या हसल्या.

त्यांचे म्हणणे असे. गुडघा जितका जास्त वाकलेला असताना त्यावर जोर द्यावा, तितकी वाटी मागच्या हाडावर जास्त दाबली जाते. सीट खाली असेल तर पायडल वर आले की गुडघा जवळजवळ छातीशी येतो आणि नेमका त्याच वेळी आपण सारा जोर लावतो. सपाटीवर हे खपून जाते, चढावर खपत नाही. सीट बरोबर आहे की नाही हे पाहायची घरगुती रीत सोपी आहे. भिंतीला धरून सीटवर बसावे, पायडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा पंजा पायडलवर येतो आणि गुडघ्यात उरतो तो थोडासा वाक. तेवढाच हवा. आणखी एक खूणगाठ: गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर वर आहे. आणि पायडलवर पंजा ठेवावा, तळव्याचा मध्य नव्हे. चप्पल घालून चढ चढणाऱ्याला हे जमत नाही, बूट घालावेत.

सायकलवाल्याचा हिशेब दात्यांचा होता. त्याने सायकल उलटी केली आणि मला मोजायला लावले. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरणार आणि २८ इंची चाक असल्याने सायकल साडेपाच मीटर पुढे जाणार. घरी येऊन मी बँकेतल्या सवयीने कागद घेतला. चढ शंभराला पाच असा धरला, तर एका फेऱ्यात मी, सायकल आणि सामान, असे नव्वद किलो ओझे २७ सेंटिमीटर वर उचलतो. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले तर एका फेऱ्यात साडेचार मीटर, आणि उचलायचे फक्त २२ सेंटिमीटर. टेकडी तेवढीच राहते. कर्ज माफ होत नाही. फक्त हप्ता लहान होतो आणि हप्त्यांची संख्या वाढते. आयुष्यभर लोकांना हप्ते बांधून देणाऱ्या माणसाला हे गुडघा गमावल्यावर कळावे! गिअर म्हणजे दुसरे काय? वाटेत हप्ता बदलायची सोय. बिनगिअरच्या सायकलवाल्याने आपला हप्ता दुकानातच ठरवून निघायचे असते.

"मग तुमच्या वडलाईचं कसं जमे?" मी १८ दात्यांचे कौतुक सांगू लागलो तेव्हा सायकलवाल्याने विचारले.

"ते उतरायचे," मी म्हटले.

"हां, मंग बराबर हाये," तो म्हणाला.

सहा आठवडे मी सायकलीला शिवलो नाही. बाईंनी सांगितलेले व्यायाम केले: उताणे निजून पाय ताठ ठेवून उचलणे, पायरीवर एका पायाने सावकाश चढणे-उतरणे. मांडीचा पुढचा स्नायू आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट असले की गुडघ्याची वाटी आपल्या रुळावरून सरकते, एवढे त्यांनी मला पटवले. तिकडे सायकलवाल्याने सीट वर घेतली, २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले आणि चेनही नवी घातली. जुनी चालली असती असे मी म्हणताच त्याने मला चांगलेच सुनावले. झिजलेली चेन सपाटीवर कुरकुरते. पण चढावर उभे राहून जोर दिला की दात्यांवरून उडते आणि माणूस सरळ दांडीवर आदळतो. गुडघ्याचे दुखणे परवडले असे ते दुखणे असते. ब्रेकचेही त्याने बजावले. चढाला जितका वेळ लागतो तितका उताराला लागत नाही आणि दांड्यांच्या ब्रेकांचे रबर ओल्या रिमवर नुसते घसरते. वर जाता आले म्हणजे खाली येता येतेच असे नाही.

आता मी चढतो तो असा. महालापासून महाराजबागेपर्यंतची सपाटी मी घाई न करता कापतो. पाय त्यातच गरम होतात. लोहापुलाचा चढ ही रंगीत तालीम. टेकडी लागली की आधी बसूनच चढतो. कमरेतून पुढे झुकतो, पाठीचा कणा वाकवत नाही, हँडल धरतो पण ओढत नाही, कारण हँडलशी केलेली झटापट दुसऱ्या दिवशी कमरेत निघते. मांड्या भरत आल्या की वीस-पंचवीस पायडले उभा राहतो, अंगाचे वजन आळीपाळीने दोन्ही पायांवर सोडतो, आणि पुन्हा बसतो. उभे राहणे हा विसावा आहे, हल्ला नव्हे. मनात एक-दोन मोजत असतो. पायडलचा एक फेरा पुरा व्हायला दोन अंकांहून जास्त लागू लागले, म्हणजे सायकल मला नेत नाही, मी तिला ओढतो आहे. तिथे उतरतो. लागोपाठ दोन दिवस चढाला जात नाही, आणि एप्रिल-मे हे महिने नागपूरच्या उन्हाला सोडून देतो. तिथे शौर्य दाखवण्यात अर्थ नाही.

उतरण्याची लाज मात्र सहजी जात नाही. ती घालवायला मला परदेशी जावे लागले, अर्थात पुस्तकांतून. तूर द फ्रान्स ही सायकलींची जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली आँरी देग्रांज नावाच्या गृहस्थाने सुरू केली. हा गृहस्थ गिअरचा पक्का वैरी. गिअर हे पंचेचाळिशीपुढच्या माणसांसाठी आहेत, असे त्याचे मत होते आणि १९३७ पर्यंत त्या शर्यतीत चेन दात्यांवरून सरकवणाऱ्या गिअरना बंदीच होती. (पंचेचाळिशीपुढच्या माणसांविषयी त्याने दाखवलेल्या कळकळीबद्दल मी त्याचा आभारी आहे.) स्पर्धक मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन आकारांची दातेरी चक्रे लावत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटे बसवत! म्हणजे जगातले निवडक सायकलपटूसुद्धा चढ आला की आधी उतरत. १९१० साली शर्यत पहिल्यांदाच पिरेनीज पर्वतांतल्या उंच घाटांवर नेली, तेव्हा तूरमाले घाटात ऑक्ताव्ह लापीझ हा पठ्ठ्या सायकल हाती धरून बराच पायी चालला. आणि त्या वर्षीची शर्यत जिंकली कोणी? त्याच लापीझने. आमच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. त्यांच्या सायकलीला गिअर होते, पण सूत्र तेच. चढावर हप्ता लहान ठेवायचा आणि पाय उद्यासाठी शिल्लक ठेवायचे. लापीझला पॅरिस गाठायचे होते. नानांना संध्याकाळी महाल गाठायचा होता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कचेरी. असे ३६ वर्षे.

मी ज्याला नानांचा पराभव समजत होतो तो असा त्यांचा हिशेब निघाला. घरात मिळवते ते एकटे. त्यांचा गुडघा गेला असता तर नोकरीला जाणार कोण, आणि मला शिकवणार कोण? कडुनिंबाखाली ते रोज दोनशे पावले चालले आणि त्या दोनशे पावलांवर आमचे घर चालले. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. दहा वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखे ते नव्हतेच.

कडुनिंब अजून आहे. २२ दात्यांच्या जोरावर मी आता त्याच्या पुढेही बराच जातो, आणि थंडीच्या एखाद्या सकाळी, पाय लागले तर, वरपर्यंतही न उतरता जातो. पण पाय जड असले, एक-दोनची मोजणी लांबली, की मुकाट्याने सावलीत उतरतो. परवा असाच सायकल हाती धरून चाललो होतो. शेजारून एक स्कूटर गेली. मागे शाळेचे दप्तर लावलेला एक मुलगा बसला होता. त्याने वळून पाहिले आणि हसला. मी घंटी वाजवली. त्याने हात हलवला. चढ संपला तसा मी पुन्हा सायकलीवर बसलो.

दुसऱ्या वर्षीच्या श्राद्धाला गुरुजींनी आल्या आल्या स्टूल मागितले. मी म्हटले, "नको. पाट मांडा."